करदोडा कापण्याआधी

आमच्या दवाखान्यातली औषधाची खिडकी दीड फूट रुंद आणि एक फूट उंच होती. तिच्यामागे मी एकतीस वर्षं उभा राहिलो. त्यामुळे मोताळा तालुक्यातले कितीतरी लोक मला चेहऱ्याने ओळखत नाहीत, हातांनी ओळखतात. एकदा आठवडी बाजारात एका म्हातारीने वांगी निवडणारे माझे हात बराच वेळ न्याहाळले, मग वरपासून खालपर्यंत मला पाहिलं आणि म्हणाली, "अवं माय, तुम्हाले पाय बी हायेत!"

संपादकांनी माझ्याकडे दवाखान्यातले थरारक अनुभव मागितले आहेत. थरार असतो तो वॉर्डात. खिडकीत 'जेवणाआधी की जेवणानंतर' एवढाच प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर तीनदा सांगूनही माणूस घरी जाऊन चौथंच काहीतरी करतो. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर नवऱ्याबरोबर निम्म्या-निम्म्या वाटून खाणाऱ्या एका बाईंना मी रागावलो होतो. त्या म्हणाल्या, "एकटीनं कशी खाऊ साहेब? बरं दिसत नाई." फार्मसीच्या पुस्तकात यावर उपाय नाही.

आमचा दवाखाना मिशनचा, वीस खाटांचा. मी जन्माने ख्रिस्ती, स्वभावाने शंकेखोर, आणि आमच्या चर्चच्या शब्बाथशाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाचा, प्रमुख. मला एक जुनी खोड आहे. कोणी टपाल तिकिटं जमवतं, तसे मी नम्रतेचे नमुने जमवतो. आमच्याकडे या विषयाचा माल भरपूर. 'मी केवळ धुळीचा कण' अशी सुरुवात करून पाऊण तास माईक न सोडणारे एक उपदेशक माझ्या संग्रहात आहेत. कायम शेवटच्या बाकावर बसणारे एक सद्गृहस्थही आहेत. दर रविवारी पाळकसाहेब त्यांना आग्रहाने पुढे बोलवत आणि ते लाजत-लाजत पहिल्या बाकावर येत. एका रविवारी पाळकसाहेब बोलवायला विसरले. ते गृहस्थ पुढच्या महिन्यात दुसऱ्या चर्चला जाऊ लागले.

एका वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पाय धुण्याचा विधी करायचं ठरलं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे पाळकसाहेब बारा जणांचे धुणार. बारांत मीही होतो. मी घरून वजरीने टाचा घासून, साबण लावून, नवे मोजे घालून गेलो. बाकीचे अकराही तसेच आले होते. चोवीस स्वच्छ पाय पाळकसाहेबांनी पुन्हा स्वच्छ केले आणि सगळ्यांचे डोळे भरून आले.

त्या विधीनंतर एस्तेरबाईंनी मला विचारलं, "सर, प्रभूनं पाय धुतले, तं पाणी कोनं आनलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"काऊन नाई लिहिलं?"

"नंतर सांगतो," मी म्हणालो. माझ्या शिक्षकी कारकिर्दीतलं हे सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य.

एस्तेरबाई आमच्या दवाखान्यात आया होत्या. नाव बायबलमधल्या राणीचं, हातात फरशी पुसायचं फडकं. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि बायबलची वचनं पाठ करायची तर मुलांच्या वर्गात घोकून घेतात, म्हणून त्या मुलांच्या वर्गात बसत. पहिल्या रांगेत, सतरंजीवर, मांडी घालून. बोट वर करून प्रश्न विचारत. 'बाई, तुम्ही मोठ्यांच्या सभेत बसा,' असं मी दोनदा सुचवलं. "थेथं कोनी विचारू देत नाई," त्या म्हणाल्या. एका वर्षी वचनांच्या स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. सात-आठ वर्षांच्या पोरांच्या ओळीत उभं राहून त्यांनी पाहुण्यांच्या हातून कंपासपेटी घेतली आणि पहिला नंबर मिळवलेल्या मुलीला गंभीरपणे विचारलं, "तुह्या पेटीत काय निंगालं?"

शिष्य 'आपल्यात मोठा कोण' म्हणून भांडत होते आणि प्रभूने एका लेकराला मधोमध उभं केलं, ही गोष्ट मी दरवर्षी शिकवत असे. शिकवताना मधोमध बसलेल्या एस्तेरबाई मला दिसत नसत असं नाही. पण त्या माझ्या दृष्टीने वर्गाची अडचण होत्या.

आता फवारणीच्या एका हंगामाबद्दल. बीटी कापूस आला तेव्हा सांगत होते की अळी झाडावरच मरेल, फवारणी संपली. पहिली काही वर्षं ते आमच्या वॉर्डातही दिसलं. फवारणीचे रोगी कमी झाले. मग रस शोषणाऱ्या किडी आल्या, मागून गुलाबी बोंडअळी आली. एका पंपात दोन-तीन औषधं मिसळायला सुरुवात झाली. पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याएवढी वाढू लागली. पूर्वी खाली बघून मारायचा फवारा माणूस आता वर करून मारी, आणि वाऱ्याने तो त्याच्याच अंगावर येई. शेतमालक सहसा पंप घेत नसे. रोजाने फवारणारे मजूर वेगळे. पाठीवरचा पंप गळका असला की विष पाठीवरून कमरेपर्यंत उतरे.

हे विष पिण्याची गरज नसते, ते कातडीतूनही आत जातं. मग अंगातलं पाणी वाट मिळेल तिथून बाहेर येतं. डोळे, नाक, तोंड वाहू लागतं, छातीत पाणी भरतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. त्यावर अॅट्रोपिनचं इंजेक्शन. ते सगळं उलट करतं. छाती कोरडी पडेपर्यंत ते देत राहायचं. जास्त झालं तर रोगी चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत बसतो. पण त्याआधीचं पहिलं काम औषधाचं नाहीच, धुण्याचं आहे. कपडे काढून केसांपासून नखांपर्यंत साबणाने धुवायचं. हे काम आमच्याकडे मागच्या नळावरच्या सिमेंटच्या ओट्यावर एस्तेरबाई करत. त्यांनी एकदा हातमोजे मागितले होते. मी ऑपरेशनसाठी राखून ठेवले होते. दिले नाहीत.

समाधान नावाचा तिशीतला मजूर मंगळवारी दुपारी त्याच्या आईबरोबर ऑटोतून आला. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या. एस्तेरबाईंनी त्याला धुतलं, डॉक्टर वर्गीसांनी अॅट्रोपिन सुरू केलं. डॉक्टर मूळ केरळचे, मोठे तज्ज्ञ, मितभाषी. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे रोग्याशी अर्जाच्या भाषेत बोलत. संध्याकाळपर्यंत समाधान चहा मागू लागला. डॉक्टरांनी इंजेक्शनं कमी केली.

बुधवारी सकाळी पुन्हा फेस. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा सुधारणा. गुरुवारी सकाळी तेच. यावेळी श्वासही उथळ. डॉक्टर खिडकीशी आले आणि दोन परिचारिकांसमोर म्हणाले, "साळवे, आपली अॅट्रोपिन योग्य आहे ना?"

आठवडाभर आधी असाच एक फवारणीचा रोगी सुधारता-सुधारता गेला होता, म्हणून त्यांनी विचारलं असणार. पण मला एवढंच ऐकू आलं की माझ्या कपाटावर संशय घेतला. वास्तविक त्या वेळी मी येत्या रविवारच्या कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन लिहीत होतो. दवाखान्याला नवी कमान बांधली होती आणि बाहेरून मोठे पाहुणे उद्घाटनाला येणार होते. तो कागद बाजूला सारून मी कपाट रिकामं केलं. प्रत्येक खोक्यावरची मुदत तपासली. बुलढाण्याहून वेगळ्या बॅचची इंजेक्शनं मोटारसायकलवरून मागवली. तीन तास मी माझं म्हणणं सिद्ध करत होतो. वॉर्ड खिडकीपासून चाळीस पावलांवर होता. त्या तीन दिवसांत मी तिथे एकदाही गेलो नव्हतो.

दुपारी नवं खोकं घेऊन गेलो. डॉक्टर समाधानला अकोल्याला हलवायच्या तयारीत होते. रस्ता लांबचा, आमच्या गाडीत ऑक्सिजनचं एकच सिलिंडर. तो वाटेत टिकेल याची खात्री त्यांना नव्हती आणि इथे टिकेल याचीही नव्हती. त्याची आई पलंगाची कड धरून उभी होती.

"डॉक्टर, ही दुसरी बॅच," मी म्हणालो. त्यांनी खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एस्तेरबाई चादर बदलत होत्या. त्यांनी वर्गात करत तसं बोट वर केलं. "डॉक्टरसाहेब, एक विचारू काय? हा वास काऊन येऊन राह्यला अजून?"

"वॉर्डात फिनेल आहे, बाई," मी म्हणालो. "नंतर विचारा."

"फिनाईलचा नाई सर. फवाऱ्याचा. तीन दिस झाले, मी रोज पुसतो याले. मंग वास येते कुठून?"

डॉक्टर थांबले. मोठ्या डॉक्टरांचं थांबणं कसं असतं ते मी पुष्कळ पाहिलं आहे. उपकार केल्यासारखं ऐकतात आणि मान हलवतात. हे तसं नव्हतं. ते समाधानच्या छातीवर वाकले, हुंगलं, आणि म्हणाले, "मला येत नाही. मला समजत नाही. कुठे येतो, तुम्ही मला दाखवा."

"खाली या," एस्तेरबाई म्हणाल्या.

आमचे पलंग बुटके. डॉक्टर पांढऱ्या कोटासकट फरशीवर गुडघे टेकून बसले. एस्तेरबाईंनी चादर कमरेपर्यंत सारली आणि बोट ठेवलं.

करदोडा. काळा, जाड, अनेक पदरांचा. त्यात कापडात शिवलेला बोटभर ताईत, पाठीकडे सरकलेला, बरोबर गळक्या पंपाखाली. दोन्ही विषात मुरलेले. खालची कातडी लाल झालेली. शर्ट काढला, लुंगी काढली, केस धुतले, करदोडा तसाच राहिला होता. कारण तो कोणीच काढत नाही. आमच्याकडे माणसाचा करदोडा तोडतात तो मेल्यावर, सरणावर ठेवण्याआधी. धुणारे, पुसणारे, इंजेक्शन देणारे आम्ही सगळे इथलेच. तो डोळ्यांना दिसायचा पण मनात नोंद होत नव्हती.

डॉक्टरांनी कात्री मागितली. समाधानची आई मध्ये पडली.

"नोका हो! जित्त्या मानसाचा करदोडा तोडता काय? माह्यं पोरगं मेलं काय अजून?"

"आई, हे विष आहे," डॉक्टर म्हणाले.

"असू द्या! हात लावू नोका त्याले!" तिने दोन्ही हातांनी मुलाची कमर झाकली. त्या हातांनाही ते लागत होतं.

मी तोंड उघडलं. अंधश्रद्धेवर माझं एक चांगलं भाषण तयार असतं. त्याआधी एस्तेरबाई तिच्या शेजारी खाली बसल्या आणि खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "बाई, हा करदोडा कोनं बांधला व्हता त्याले?"

"मीनं. कोन बांधन दुसरं?"

"तुटला कधी, तं?"

"तं नवा बांधतो."

"मंग आधी नवा बांध ना. तो बांधून झाला का मंग जुना काढू. एक घडी बी रिकामा राहनार नाई तुहा पोरगा."

त्या बाईने एस्तेरबाईंकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. "धागा हाये काय?" ती म्हणाली.

आणि सगळे माझ्याकडे वळले. काळा धागा माझ्याकडे होता. टाके घालायचं काळं रेशीम, रिळाचं. चाळीस पावलं मी धावत गेलो आणि धावत आलो. वयाच्या पंचेचाळिशीनंतर मी धावलेला तो एकमेव प्रसंग. त्या माउलीचे हात आधी साबणाने धुवून घेतले. तिने रेशमाचे सात पदर केले, पीळ दिला, मुलाच्या कमरेला बांधला, गाठ मारून ती कपाळाला लावली. मग स्वतःच म्हणाली, "काढा."

डॉक्टरांनी जुना कापला. एस्तेरबाईंनी कमर पुन्हा धुतली, चार वेळा. ताईताचं काय करायचं हा प्रश्न उरला. डॉक्टर जाळा म्हणणार, हे मला कळलं. मी गोळ्यांची एक रिकामी बाटली आणली, ताईत तिच्यात टाकला, घट्ट झाकण लावलं, 'विष' अशी चिठ्ठी डकवली आणि आईच्या हाती दिली. न उघडण्याची शपथ तिने मुलाच्या नव्या करदोड्याला हात लावून घेतली.

अकोल्याची गाडी थांबवली. शुक्रवारी सकाळी मी न बोलावता वॉर्डात गेलो. समाधान बसला होता. तोंड कोरडं. शनिवारीही कोरडं. सोमवारी तो घरी गेला.

मी शंकेखोर आहे, म्हणून हेही लिहितो. काही विषं चरबीत दडून राहतात आणि पुन्हा उसळतात, असं नंतर मी वाचलं. कदाचित तो आपोआपही बरा झाला असता. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "असेल. मला निश्चित ठाऊक नाही." मला मात्र ती शंका फार दिवस पुरली नाही. आठवडाभर आधी गेलेला तो दुसरा माणूसही असाच सुधारत, बिघडत गेला होता. त्याच्या कमरेला करदोडा होता की नाही, आमच्यापैकी कोणालाच आठवेना. असेल तर तो कोणी आणि कुठे कापला, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही.

रविवारी कमानीचं उद्घाटन झालं. डॉक्टरांनी स्वागत समितीला कळवलं की एस्तेरबाईंना व्यासपीठावर बसवा. समितीत मीही होतो. चर्चेअंती दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची ठरली. माझा अंदाज होता की बाई 'नाही नाही, मी कशाला' म्हणतील, आग्रह होईल, आणि माझ्या संग्रहात एक अस्सल नमुना जमा होईल. मी निरोप सांगितला.

"हाव," त्या म्हणाल्या.

इस्त्रीचं पातळ नेसून आल्या, रांगा काही पाहिल्या नाहीत, पाहुण्यांशेजारची खुर्ची मोकळी दिसली तिथे बसल्या. खुर्ची उंच, त्यामुळे पाय अधांतरी हलत होते. पेढा आला तो लगेच खाल्ला. मग पाहुण्यांकडे वळून विचारलं, "तुमी काय करता?" पाहुणे एवढे मोठे होते की हा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नसावा. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं आणि मी आभार मानायला उठलो. माझ्या एकूण संग्रहाचं काय करायचं, हे मला त्या दिवसापासून समजेनासं झालं आहे. त्या बाई नम्र होत्या का? त्यांनी त्याबद्दल विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्यांना पेढा आवडला होता.

सोमवारी डॉक्टरांनी फर्मान काढलं की रोग्याला कसं धुवायचं ते एस्तेरबाई सगळ्यांना शिकवतील, डॉक्टरांपासून फार्मसीपर्यंत. ओट्याजवळ काळ्या धाग्याचं एक बंडल आणि हातमोज्यांचं खोकं ठेवलं गेलं. खोकं मी ठेवलं. बाईंच्या बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली होती. ती मी तेव्हा प्रथम पाहिली.

बुधवारी पुन्हा एक फवारणीवाला आला. माझ्याच वयाचा, शुद्धीवर, नुसता मळमळणारा. पाळी माझी होती. पँट दुमडून, हातमोजे घालून मी ओट्यापाशी गुडघ्यांवर बसलो. त्याच्या मुलीने बंडलातून घेतलेल्या धाग्याची गाठ आधी बसली, जुना करदोडा निघाला, मग केस, कान, पाठ, कंबर. पायांशी आलो तेव्हा तो अवघडला. "साहेब, तुमी नोका," त्याने पाय मागे घेतला. "तुमी खिडकीतले साहेब हा ना?"

"असू दे," मी म्हणालो. आवाजात एक मऊपणा आला होता, तो माझा मलाच ऐकू आला. टाचा भेगाळलेल्या, भेगांत काळी माती. माझे डोळे किंचित ओलावले. येत्या रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभं राहिलो तर सुरुवात कशी करावी, याचं पहिलं वाक्य मनात जुळायला लागलं होतं. चांगलं जुळत होतं.

"सर," मागून एस्तेरबाई म्हणाल्या, "बोटाईच्या मधात राह्यलं."

"हो, करतो."

"मंग करा ना. गप काऊन बसले?"

मी बोटांच्या बेचक्यांत साबण घातला आणि घासू लागलो.

"अंगठ्याचं नख," त्या म्हणाल्या. "त्याच्या खालून."